माझं वकीलपत्र

माझ्या सासऱ्यांसारखा वकील उज्जैनच्या कोर्टात दुसरा झाला नाही, आणि त्याबद्दल त्यांचे अशील अजूनही महाकालाचे आभार मानतात. तरुणपण त्यांनी फौजेत काढलं. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर माणसानं बागेला पाणी घालावं, नातेवाइकांना सीमेवरच्या गोष्टी सांगाव्यात. हे मात्र कॉलेजात पोरांच्या बाकावर बसून वकील झाले. मुलगी दहावीला आणि वडील एलएलबीला, असा दोघांचा अभ्यास एकाच टेबलाशी चालायचा. मुलीला किती मार्क पडले हे ते रस्त्यात थांबवून सांगत. स्वतःचे कुणी विचारले की त्यांना नेमकी घाई असे.

फौज सुटली तरी शिस्त सुटली नाही, आणि वकिली कोर्टात ठेवून घरी येणं त्यांना जमलं नाही. नानाखेड्याच्या घरासमोर स्कूटर कायम रस्त्याकडे तोंड करून उभी, म्हणजे हल्ला झालाच तर वळवण्यात वेळ जायला नको. दूधवाल्याची रोज उलटतपासणी. "दूध काढताना तू नक्की कुठे उभा होतास? बाल्टी किसके हाथ में थी?" शेवटी तो बिचारा वैतागून म्हणाला, "वकील साब, कल भैंस को ही पेशी पे ले आऊँ क्या?" सासरे बिलकुल हसले नाहीत. "ले आओ," म्हणाले.

पण त्यांचं खरं खूळ वेगळंच होतं. समोरच्या पार्टीकडे वकील नसला की यांचा जीव कासावीस व्हायचा. निःशस्त्र माणसावर चाल करायची नाही, हा पलटणीतला नियम त्यांनी थेट कोर्टात आणलेला. विरुद्ध बाजूचा एखादा म्हातारा एकटाच उभा दिसला की हेच त्याच्यासाठी पुढची तारीख मागत, आणि बाहेर चहा पाजून त्याचे मुद्दे त्यालाच समजावून सांगत. शेजारी त्यांचा स्वतःचा अशील कपाळाला हात लावून बसलेला.

या खुळावरच माझा संसार उभा आहे. मी फ्रीगंजमधल्या एका विमा कार्यालयात कारकून. मला त्यांच्या मुलीशी लग्न करायचं होतं, तिलाही करायचं होतं, पण तिनं आधीच बजावलं होतं, "बाबा नाही म्हणाले, तर विषय संपला." आणि बाबांच्या मनात होता पलटणीतल्या मित्राचा कॅप्टन मुलगा. एका रविवारी मी बुटांना पॉलिश करून हजर झालो. सासरे काळा कोट घालून तयार होते. मटार सोलत बसलेल्या सासूबाईंना त्यांनी जागच्या जागी न्यायाधीश नेमलं.

"पहाटे किती वाजता उठता?"

"उठवलं की."

"पोहता येतं?"

"नाही."

"क्षिप्रेच्या काठी जन्मून?" त्यांनी न्यायाधीशांकडे सूचक पाहिलं. "कधी कुणाशी लढलात?"

"ऑफिसात. पंख्याखालच्या खुर्चीसाठी."

"जिंकलात?"

"नाही. आता दारापाशी बसतो."

"मायलॉर्ड, मुझे और कुछ नहीं पूछना." ते विजयानं खाली बसले. स्वयंपाकघराच्या दारात मुलीचा चेहरा पार उतरला होता. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "तुमच्या बाजूनं कोण आहे?"

"कोणी नाही."

झालं! खुर्चीत त्यांना बसवेना. चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि शेवटी उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मायलॉर्ड, या मुलानं एकाही प्रश्नाला खोटं उत्तर दिलेलं नाही. असा इसम आमच्या कोर्टात मिळत नाही. राहिला मुद्दा लढाईचा." इथे ते सासूबाईंकडे वळले. "लढायला गेलेल्याच्या बायकोचे दिवस कसे जातात, हे या कोर्टाला मी काय सांगणार? हा रोज संध्याकाळी घरी येईल. एवढंच माझं म्हणणं."

सासूबाईंचे हात थांबले. मटारचं ताट त्यांनी बाजूला सारलं. "मंजूर," त्या म्हणाल्या. "आणि आता तो कोट काढा, जेवायला बसायचंय."

लग्नानंतर ते संध्याकाळी आमच्या घरावरून स्कूटरनं जात. "सहज, भाजीला निघालो होतो." भाजीची पिशवी कधी दिसली नाही. फाटकाशी थांबायचे, मी आत दिसलो की हात वर करून निघून जायचे. बायकोला वाटे, बाबा लेकीला बघायला येतात. मला ठाऊक होतं, हा जामीन राहिलेला माणूस आहे.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. ऑफिस सुटल्यावर कुणी चहाला थांबवलं तरी मी थांबत नाही. "अहो भिया, बायकोला फार घाबरता," असं म्हणून लोक हसतात. हसू देत. दिवेलागणीला मी घरात असतो, आणि फाटक दिसेल अशा खुर्चीत बसतो.