मुंबईच्या पुढे तीन तास

तारकर्लीच्या आमच्या अंगणात गाडी उभी होती. बॅगा चढवून झाल्या, तेव्हा आमच्या यांनी मुलाला विचारलं, "सुन्या, न्यूयॉर्क किती लांब रे?"

सुनील म्हणाला, "विमानात पंधरा तास, बाबा."

हे हसले. "मगे काय! मुंबयक एसटीन बारा तास लागतत. मुंबयच्या फुडे तीन तास!"

मी चौथी शिकलेली बाई, मला तो हिशेब पटला. सगळ्या वाडीला मी तोच ऐटीत सांगितला. धाकट्या दिराला, वसंताला, तर बजावलं, "काय झाला तर फोन कर. पंधरा तासांत येतंय."

नातवाला सांभाळायला सहा महिने म्हणून गेले आणि आठ वर्षं राहिले. मुलाने ठेवून घेतली, असं मी सांगत आले. खरं म्हणजे मलाही आवडलं. हीटर होता, डिशवॉशर होता. बांगडा तेवढा फ्रोझन, लाकडासारखा. यांना म्हणायचे, तुम्हीपण या. ते म्हणायचे, "माडांक पाणी कोण घालतलो?" पुढे मी म्हणायचं सोडलं.

एक दिवस वसंताचा फोन आला. हे माडाखाली पडले ते उठलेच नाहीत. मी म्हणाले, "थांबा. पंधरा तासांत येतंय."

त्या दिवशी थेट विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवसाचं तिकीट मिळालं, तेही दुबईवरून. सुनील म्हणाला, काकांना खरं सांगूया. मी सांगू दिलं नाही. सांगितलं असतं तर ते थांबले नसते, आणि मला यांचं तोंड बघायचं होतं. वसंताचे फोन येत राहिले, मी कुणाला उचलू दिले नाहीत.

विमानात समोरच्या स्क्रीनवर किती किलोमीटर उरले ते दिसत होतं. इकडे तारकर्लीत यांना मासळीच्या बर्फात ठेवलं होतं. दारात प्रेत असताना आमच्या वाडीत कुणाची चूल पेटत नाही. पोरं भुकेने रडायला लागली तेव्हा म्हाताऱ्यांनी सांगितलं, उचला.

मी सुनीलबरोबर तिसऱ्या दिवशी पोचले. राख मडक्यात भरून झाली होती. शेजारची ताराकाकी म्हणाली, "विमान चलत आणलंस काय गो?"

वसंता एवढंच बोलला, "वयनी, आमी अठरा तास थांबलंव. पोरांक उपाशी ठेवलंव."

मी परत गेले नाही. सुनील गेला. तो फोनवर म्हणतो, "आई, तुला काही झालं तर मी लगेच निघेन." मी म्हणते, सावकाश ये. वसंताला सांगून ठेवलंय, "माज्यासाठी कोणाक थांबव नको. आग तूच दी."

त्याने मान डोलावली. माझ्याशी तो अजून कामापुरतंच बोलतो. पण त्याचं दार माझ्या हाकेच्या टप्प्यात आहे. घर म्हणून मला आता तेवढंच पुरतं.