हालिनाचा प्लस

कोयनानगरहून नोकरीसाठी निघालो तेव्हा वडील धरणाच्या वर्कशॉपमधून रजा काढून एसटीपर्यंत आले होते. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "कुठं बी राहा, पण हादरलं की आदी भाईर पळ. सामान मागनं." भूकंपाच्या गावातला बाप पोराला दुसरं काय सांगणार?

पुढे युक्रेनमधल्या खार्किवमध्ये एका औषध कंपनीचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले. युद्धाच्या पहिल्या पहाटे इमारत हादरली, आणि मी बायकोचा, सुनंदाचा हात धरून जिन्याने थेट अंगणात पळालो. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हालिनाने माझी कॉलर धरून मला आत ओढलं. साठी ओलांडलेली बाई. "वेडा आहेस का? आत हो! दोन भिंतींच्या आड!" वडिलांची शिकवण तिथे जीव घेणारी होती.

आम्ही परतलो, कराडजवळच्या मलकापुरात फ्लॅट घेतला. हालिना तिथेच राहिली. इमारतीतली पांगलेली माणसं फोनवरच्या एका ग्रुपमध्ये जमली. हळूहळू अनोळखी लोकही आले. पोलंडमधला एक शिक्षक, कॅनडातली एक नर्स, ज्यांनी खार्किव कधी पाहिलंही नाही. नियम एकच: हल्ल्याचा इशारा संपला की तिथे राहणाऱ्याने अधिकचं चिन्ह टाकायचं. प्लस म्हणजे मी जिवंत आहे. बाहेरच्यांनी मदत शोधायची, बातम्या तपासायच्या. तपासणी माझ्याकडे आली, कारण फोटो कुठला, कधीचा, हे पाहिल्याशिवाय मी तो पुढे पाठवत नाही.

कोयनानगरच्या कॉलनीतल्या मित्रांनो, आता तुमच्याविषयी.

त्या दिवशी इशारा संपला, सगळ्यांचे प्लस आले, हालिनाचा आला नाही. मी फोन हातात घेऊन बसलो असताना आपल्या शाळेच्या ग्रुपवर बाळूने व्हिडिओ टाकला. एक इमारत अर्धी कोसळलेली, ढिगाऱ्याशी रडणारी माणसं. खाली बाळूचं वाक्य: "सगळं नाटक हाय. रडायचं पैशे मिळत्यात." त्यावर तुमचे हसरे चेहरे, एकाखाली एक. कुणीतरी लिहिलं, "लय भारी अ‍ॅक्टिंग."

वर उघड्या पडलेल्या भिंतीवर निळी फरशी दिसत होती. सुनंदाने दुकानं पालथी घालून निवडलेली, आमच्या स्वयंपाकघरातली. तिने फोन माझ्या हातातून घेतला, पाहिला आणि परत दिला.

मी बाळूला फोन लावला.

"बाळू, ती भिंत माझ्या घराची हाय. तिच्याखालच्या घरात एक म्हातारी हाय, तिचा पत्ता न्हाई."

"आरं गड्या, मला काय म्हाईत? आलं तसं पुढं ढकललं. तू लय मनावर घेतोस."

"तुझा भाऊ सीमेवर व्हता, चार दिस खबर न्हवती. अख्खी कॉलनी तुझ्या दारात बसली व्हती. तवा कोण हसलं का?"

"ती आपली माणसं, रं."

मी फोन ठेवला. अजून काही बोललो असतो तर ते इथे लिहिता आलं नसतं.

तिकडे आमच्या ग्रुपमध्ये कुणी जेवलं नाही. पोलंडचा शिक्षक दवाखान्यांना फोन करत राहिला. खार्किवमधली एक मुलगी, हालिनाला न ओळखणारी, सायकलवरून एकेक दवाखाना पालथा घालत होती. संध्याकाळी त्या मुलीनेच लिहिलं, "सापडली. दोन्ही हात बँडेजमध्ये आहेत, म्हणून तिच्या वतीने मी टाकते." आणि खाली प्लस. सुनंदा तेव्हा रडली.

बाळूने व्हिडिओ काढून टाकला, गुपचूप. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं गुलाबाचं फूल आलं, सुप्रभात. तुम्ही सगळ्यांनी हात जोडले.

हालिनाला मी लिहिलं, इकडे ये, आमच्याकडे राहा. तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवला: "येईन. तुझ्या गावातली माणसं कशी आहेत, ते आधी सांग."

आठवडा झाला, मी उत्तर दिलेलं नाही. खोटं लिहायची मला सवय नाही. आणि ज्या गावाविषयी खरं लिहायची लाज वाटते, त्यालाच मी अजून घर म्हणतो, याचा राग तुमच्यावरच्या रागाहून मोठा आहे.