दोघांना ऐकू येणारा नकाशा

श्यामसुंदरांना रस्ते लक्षात राहत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या धाकट्या भावाखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. दरवर्षी थंडी पडली की दोघे भाऊ आपापल्या मोटारसायकली काढत आणि गोवा, हंपी, कच्छ असं कुठेकुठे जाऊन येत. पुढे नेहमी पार्थ. श्यामसुंदर थोरले असूनही मागे. पार्थ वळला की वळायचं, पार्थ थांबला की थांबायचं. श्यामसुंदर कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कामाला होते, कुठला ट्रक कुठवर पोचला याची दिवसभर फोनाफोनी करायचे. त्यामुळे खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांचा समज होता की यांना अख्खा देश तोंडपाठ असणार. त्यांनीही तो कधी खोडून काढला नव्हता.

मग पार्थची नजर गेली. काचबिंदू होता आणि तो कळायला उशीर झाला. आधी बाजूचं दिसेनासं झालं, तेव्हा तो गाडीचे आरसे सारखे करत बसायचा. डॉक्टरांकडे गेला तोवर जे गेलं ते परत येण्यासारखं राहिलं नव्हतं. आता उजेड कुठून येतो एवढं कळायचं. वाशीच्या आपल्या फ्लॅटमध्ये तो भिंतीला बोटं लावून फिरायचा.

या सगळ्यात श्यामसुंदरांना काहीच झालं नाही. दवाखान्याच्या खेपा त्यांनी केल्या, औषधं आणली. पार्थची मोटारसायकल विकायचं ठरलं, तेव्हा ती चालवत नेऊन गिऱ्हाइकाच्या हवाली केली, किल्ली दिली, रिक्षाने घरी आले आणि जेवले. त्यांची बायको सुचित्रा वाढता वाढता त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मला काय होणार? तुम्हाला काही होतंय का, ते बघतेय."

"नाही," ते म्हणाले. आणि खरंच नव्हतं. दाढेत इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं काहीसं अंगभर होतं.

दिवाळी झाल्यावर पार्थचाच फोन आला.

"दादा, यंदा जायचं ना?"

"कुठे?"

"दिवेआगरला जाऊ. फार लांब नाही. तू चालव, मी मागे बसतो."

लगेच पार्थच पुढे म्हणाला, "रस्त्याचं टेन्शन घेऊ नकोस. जीपीएस घेऊ. मोबाइल नाही, गाडीला लावायचा खास असतो तो."

रविवारी ते वाशीला गेले. पार्थ आणि त्याची बायको वैदेही खाली उभेच होते. बाजारातल्या मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानात हेल्मेटं आणि जाकिटं छतापर्यंत टांगलेली होती. मालक कल्पेश जवळच्याच गावचा, स्वतःही मोटारसायकल घेऊन हिंडणारा. त्याने काउंटरवर दोन यंत्रं मांडली.

"मोबाइलचा होल्डर पन हाय काका, पन मी नाय देनार," तो म्हणाला. "हँडलच्या थरथरीनं कॅमेरा बिघडतो. उन्हात फोन तापून बंद पडतो. आन् घाटात नेटवर्क गेला का नकाशा पन गेला. यांच्यात नकाशे आतच हायत."

पार्थने एक एक यंत्र हातात घेऊन कडा चाचपल्या. हातमोजे घालून बटणं चालतात का, पावसात टिकेल का, चार्जिंग गाडीच्या बॅटरीवरून होतं का, सगळं विचारलं. मग म्हणाला, "एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, हे याला सांगता येतं? नाही तर कळंबोलीला आम्हाला सरळ वर चढवायचा."

"येतो की. एकदा सांगून ठेवला का तो त्या बाजूला नेतच नाय."

श्यामसुंदर दोन्ही यंत्रं घेऊन बाहेर फुटपाथवर उन्हात गेले. पहिल्याचा पडदा मोठा, लख्ख. प्रत्येक गल्ली दिसत होती. दुसरं जुन्या मॉडेलचं होतं. त्याच्यात नकाशापेक्षा समोरची इमारत आणि त्यांचं स्वतःचंच तोंड जास्त दिसलं. ते आत आले.

"पहिलं चांगलं आहे."

"त्याचा आवाज मला ऐकू येईल?" पार्थने विचारलं.

"नाय काका," कल्पेश म्हणाला. "तो एकाच हेल्मेटला जोडतो. हा दुसरा दोघांच्या कानात बोलतो, पन त्याचा पडदा जरा मंद हाय."

"चालवणाऱ्याला दिसायला हवं की," वैदेही म्हणाली. "मागे बसून ऐकून काय करायचंय?"

पार्थ काउंटरची कड धरून उभा होता आणि त्याचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता, थोडा चुकून हेल्मेटांच्या रांगेकडे वळलेला होता. श्यामसुंदर त्याच्याकडे पाहत राहिले. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"दुसरं द्या," ते म्हणाले.

"भाऊजी, अहो पण का?" वैदेहीने विचारलं. त्यांनी पाकीट काढलं. कल्पेशने वरून उन्हासाठी काळी झापड बसवून दिली आणि दोन्ही हेल्मेटांत स्पीकर लावून दिले.

पुढच्या शनिवारी सकाळी ते वाशीहून निघाले. पार्थ मागे बसला. पूर्वी कधी तो कोणाच्या मागे बसला नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. शेवटी एक हात त्याने दादाच्या खांद्यावर ठेवला. कानात एक बाई हिंदीत शांतपणे डावं-उजवं सांगत होती. कळंबोलीला एक्सप्रेसवे बाजूला ठेवून त्या बाईने त्यांना बरोबर पनवेलकडे काढलं, पुढे पळस्प्यावरून पेणच्या रस्त्याला लावलं.

"पेण गेलं," पार्थ म्हणाला. बरोबर होतं.

"वडखळ." तेही बरोबर. पण त्यापुढे नवे पूल झाले होते, रस्ता गावांच्या बाहेरून काढला होता. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "नागोठणं गेलं ना? आता कोलाड येईल."

नागोठणं अजून यायचं होतं.

"हो," श्यामसुंदर म्हणाले.

थोड्याच वेळाने ती बाई दोघांच्याही कानात म्हणाली, नागोठणे की ओर जाने के लिए बाएँ रहिए.

खांद्यावरचा हात उचलला गेला. "दादा, गाडी बाजूला घे."

त्यांनी गाडी कडेला घेतली. पार्थ चाचपडत उतरला, हेल्मेट काढून पोटाशी धरलं. ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी त्याचा शर्ट फडफडत होता.

"तू हो का म्हणालास?"

"सहज."

"सहज म्हणजे?"

"म्हटलं, काय फरक पडतो."

"मला पडतो," पार्थ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "वैदेही दिवसभर मला हो म्हणते. ऑफिसचे लोक भेटायला येतात, तेही हो म्हणतात. मी बोलतो ते सगळं बरोबरच असतं आता. ते दोघांना ऐकू येणारं यंत्र मला कशाला हवं होतं? निदान ते तरी नाही म्हणेल म्हणून. तुला माझी दया येते का?"

श्यामसुंदरांनी हातमोजा काढला, पुन्हा घातला. "नाही," ते म्हणाले. "मला काही वाटतच नाही, पार्थ. तुझी गाडी देऊन आलो, तेव्हाही वाटलं नाही. घरी जाऊन जेवलो."

आता पार्थ रागावेल असं त्यांना वाटलं. पार्थने हेल्मेटची पट्टी बोटांनी चाचपली.

"मलाही नाही वाटत," तो म्हणाला. "वैदेही रडते आणि मी आपला बसून असतो. मला वाटायचं, माझ्यातच काही बिघडलंय."

श्यामसुंदरांनी गाडी स्टँडवर लावली.

"चहा आहे का कुठे?" पार्थने विचारलं.

"समोर टपरी आहे. पण बंद आहे."

"हं. असं सांगत जा."

तिथून पुढे श्यामसुंदर सांगत गेले. ऊन चढल्यावर पडदा जवळजवळ दिसेनासाच झाला, झापडीचा काही उपयोग झाला नाही. तेव्हा ती बाई वळणं सांगायची आणि श्यामसुंदर बाकीचं सांगायचे. डाव्या हाताला वीटभट्टी आहे. पुढे एसटी आहे, ओव्हरटेक करत नाही. माणगाव आलं, गर्दी आहे. त्यांना एवढं बोलायची सवय नव्हती, घसा कोरडा पडला. मोर्ब्याच्या पुढे यंत्राने त्यांना एका अरुंद वाटेत घातलं. पाइपलाइनसाठी ती मधोमध खणून ठेवली होती आणि बाई मात्र सरळ जा, सरळ जा म्हणत राहिली.

"रस्ता नाही," श्यामसुंदर म्हणाले. "खड्डा आहे."

"मग?"

श्यामसुंदरांनी इंजिन बंद केलं. पूर्वी अशा वेळी पार्थ ठरवायचा.

"मागे जाऊ. कोणाला तरी विचारू."

शेतात काम करणाऱ्या एका बाईंनी म्हसळ्याचा रस्ता दाखवला. दिवेआगरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. खोलीवर सामान टाकून दोघे सुपारीच्या बागेतून किनाऱ्यावर चालत गेले. पार्थने त्यांचं कोपर धरलं होतं. समुद्र ओहोटीला लागला होता, लांब गेला होता. श्यामसुंदरांनी तेही सांगितलं. पार्थने मान हलवली. कोणी हळहळलं नाही. सुचित्राचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "पोचलो. ठीक आहोत." ते खरं होतं. आत अजून सगळं बधिरच होतं.

संध्याकाळी घरगुती खानावळीच्या ओसरीवर बसल्यावर पार्थ म्हणाला, "इथून खाली काय आहे रे?"

श्यामसुंदरांनी यंत्र गाडीवरून काढून आणलं. सावलीत पडदा नीट दिसत होता. ते बोटाने नकाशा सरकवत एक एक नाव वाचू लागले. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला.

"बागमांडल्याला रस्ता संपतो," ते म्हणाले. "खाडी आहे. पलीकडे वेसवी. फेरीबोटीतून गाडी नेतात म्हणे."

"उद्या तिकडे जायचं?"

"परतायला सोमवार उजाडेल. मला कामावर जायचंय."

"मग नको," पार्थ म्हणाला.

श्यामसुंदर पडद्याकडे बघत राहिले. खाडीपलीकडे रस्ता पुन्हा सुरू होत होता, बारीक, वाकडातिकडा. मग खिशातून फोन काढून त्यांनी साहेबांना सोमवारी येत नसल्याचं कळवलं आणि पार्थला पुढची गावं वाचून दाखवायला घेतली.