कासवाच्या घरात चपला

मंडळी, आज मन लई दुखावलंय, म्हणून लिहिते.

आमचं दोन खोल्यांचं घर. म्हणून आमच्या वनखात्याकडे नोंदणी केलेल्या कासवासाठी मी आणि ह्यांनी टीव्हीच्या जुन्या शोकेसमध्ये दुमजली घर केलं होतं. खाली माती, वर उबेला बल्ब, मध्ये चढायला उतरती फळी. त्याच्या पायाला लाकडाची कूस लागू नये म्हणून ती फळी ह्यांनीच घासून दिली होती.

आज दुपारी लोहाऱ्याला माहेरी जाऊन परत आले, तर कासवाच्या घरात चपला!

ह्यांना विचारलं, "कासव कुठंय?"

"धाकट्या भावाकडं दिलं. बेंबळीला शेतातल्या विहिरीत सोडंल. जागा लई अडत होती."

"अहो, ते जमिनीवरचं कासव! बुडून मरंल!"

दिराला फोन लावला. "वैनी, अजून सोडलं न्हाय. कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून ठिवलंय."

तशीच बेंबळीला गेले, घेऊन आले. चपला बाहेर काढल्या.

हे म्हणतात, "एका कासवासाठी एवढं रागावतीस?"

कासव सुखरूप आहे. पण मी घरात नसताना हे ठरलं, आणि मला साधा एक फोनही केला नाही. तुम्ही माझ्या जागी असता, तर पुन्हा निर्धास्तपणे माहेरी गेला असता का?