कोणी हात लावला नाही

तापीकाठच्या गावांत विहिरींचं पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली त्या काळात, म्हणजे साठ सालानंतर, मी शहाद्याला इंजिनचा मिस्तरी होतो. सायकलला पान्यांची पिशवी लटकवून गावोगाव हिंडायचो. उन्हाचं काही वाटायचं नाही, डिझेलच्या वासाचंही नाही. डोकं फिरायचं ते एकाच वाक्याने: "कोनी हात लाया नही, मिस्तरी." आपोआप बंद पडलं म्हणे. अरे, इंजिन काय जावई आहे रुसायला?

एका वर्षी ब्राह्मणपुरीच्या एका केळीवाल्याचं इंजिन सकाळी तापून जाम व्हायचं. निरोप मिळून मी पोचेपर्यंत दुपार, तोवर ते गार झालेलं. हँडल मारलं की पहिल्या फटक्यात सुरू. माझ्यासमोर अगदी सुतासारखं सरळ. मालक चहा पाजून मला वाटेला लावायचे आणि चार दिवसांत पुन्हा निरोप यायचा.

मालकांनी गुन्हेगार केव्हाच ठरवला होता. सातपुड्याकडचा एक जण त्यांच्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता, इंजिन तोच चालवायचा. त्याच्या पाड्यावर इंजिन चालवता येणारा तो पहिलाच, आणि त्याची त्याला भारी ऐट. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. त्या दिवशी मालक पुढच्या सालासाठी ठेवतो, नाहीतर रजा देतो. आखाजी तोंडावर आली होती आणि त्यानेच इंजिनची वाट लावली असं मालक गावभर सांगत सुटले होते. असं नाव एकदा झालं की त्याला कोणी पुन्हा इंजिनजवळ उभं करणार नव्हतं.

पुन्हा निरोप आला तेव्हा माझं टाळकं सटकलं. म्हटलं, डोळ्यांसमोर जाम होईस्तोवर हलतच नाही. मुक्काम केला आणि सकाळी विहिरीवर जाऊन बसलो. सालदाराने इंजिन सुरू केलं, पाण्याचा नळ पुरता उघडला आणि फावडं घेऊन केळीत पाणी वळवायला गेला. पंपाचं थोडं पाणी या नळातून इंजिनमध्ये जातं, त्याला गार ठेवतं आणि कोमट होऊन दुसऱ्या नळीने बाहेर पडतं.

थोड्या वेळाने मालक आले, खांद्यावर पंचा. मला राम राम केला, माझ्या देखत तो नळ जवळजवळ बंद केला आणि बाहेरच्या नळीखाली पाठ देऊन बसले. नळ आवळला की पाणी चांगलं कढत येतं. त्यांची पाठ धरली होती, ती रोज अशी शेकायचे आणि उठताना नळ पुन्हा उघडून ठेवायचे. ऐन चैत्रात कोणी कढत पाणी अंगावर घेईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मी उठून इंजिन बंद केलं. म्हटलं, मालक, कोणी हात लावला नाही म्हणत होता ना?

"इंजिनले कोठे लाया? तो ते नळ शे!"

खोटं बोलत नव्हता हो माणूस, म्हणून तर जास्त चीड आली. त्यांच्या लेखी नळ म्हणजे इंजिन नव्हेच. तेव्हापासून कोणी हात लावला हे विचारणं मी सोडून दिलं. सकाळपासून इथे कोण कोण येतं आणि काय करतं, एवढंच विचारायचो. निम्मी इंजिनं त्यावरच दुरुस्त व्हायची.

सगळं समजावल्यावर मालक पंचा पिळत बसले. आता त्या बिचाऱ्याला ठेवा म्हटलं, तर नजर चुकवून म्हणाले की दुसऱ्याला शब्द दिलाय. गावासमोर चूक कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं होतं. मी चहासुद्धा न घेता पिशवी आवरली.

सालदाराला मी सगळं सांगितलं. तो चिडला नाही. त्याने एकच विचारलं, "मन्ह्या हातथून बिघडनं नही, हाई सांगशात ना, मिस्तरी?"

आखाजीनंतर मी त्याला कोरीटच्या एका शेतकऱ्याकडे घेऊन गेलो. त्यांच्याकडे नवंकोरं इंजिन होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, ब्राह्मणपुरीचं इंजिन बिघडवणारा तो हाच का? मी नळापासून पाठीपर्यंत सगळं सांगितलं. ते पोटभर हसले. माणूस चांगला दिसतो, ठेवतो म्हणाले. मग सालदाराकडे वळले.

"फक्त इंजिनले हात लावू नको."

त्याने मान हलवली आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.