हळदीला गाव आलं नाही

१२ मे २००४. काल्हेरजवळच्या एका गावात मांडवाखाली बसून मी लसूण सोलत होते. हे काम खरं तर शेजारणींचं. पण हे घर वाळीत टाकलेलं होतं; इथे येणाऱ्या गावकऱ्याला गावकी दंड लावायची. मी गुन्हेगारीशास्त्र शिकवायचे आणि गाव माणसाला कसं धाकात ठेवतं, यावर संशोधन करायचे. त्यासाठीच या घरी माझं येणंजाणं होतं. दुसऱ्या दिवशी मुलीचं लग्न होतं.

गोदामाच्या जागेवरून गावकीच्या पंचाच्या मुलाने मुलीच्या बापाचा पाय मोडला होता. बाप गावकीपुढे न जाता थेट भिवंडीला पोलिसांत गेला, हा त्याचा गुन्हा. पंचाची मुलाखत मी आधीच घेतली होती. "आमी कोनाला हात लावत न्हाय, बाई. फक्त बोलत न्हाय," तो म्हणाला होता. चहा चांगला दिला होता.

संध्याकाळी हळदीची वेळ झाली. भात, मटण तयार, खुर्च्या रिकाम्या. आत्या, काकू त्याच गावातल्या, एकही आली नाही. मुलीची आई माझ्याकडे वळली.

"बाय, पैली हळद तू लाव."

"अहो, माझं लग्नच झालेलं नाही."

"मंग काय झाला? तुला दंड कोन लावनार?"

मुलगी फिसकन हसली. मी हळद लावली.

पाठोपाठ नवऱ्या मुलाचा मामा मोटरसायकलवर आला. खाली उतरलाही नाही. "वयनी, तुमच्या पंचांचा निरोप आलाय. केस मागं घ्या, न्हाय तर उद्या वरात येनार न्हाय. आमाला पन आमच्या गावात ऱ्हायचं हाय."

"नको येऊ म्हनाव!" बाप खाटेवरून ओरडला. पाय प्लास्टरमध्ये होता.

आईने तिकडे पाहिलंही नाही. "बाय, पोलीस ठाना सकाळी कवा उघडतंय?"

"ते बंद नसतं. पण केस भक्कम आहे. डॉक्टरचा दाखला आहे."

"पोरीला हळद लागली. आता तिला घरात कशी ठेवू?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीच्या आईबापांना रिक्षात बसवलं आणि बापाचा पाय मांडीवर धरून ट्रकांच्या गर्दीतून भिवंडीला नेलं. अर्ज मीच लिहिला: वाद आपसात मिटला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. बापाने पेन टेबलावर ठेवून दिलं. आईने ते उचलून पुन्हा त्याच्या बोटांत दिलं. त्याने सही केली.