कमी आलंय

माझ्या हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट ह्यांनी दवाखान्यातल्या बाकावरच उघडला. आकड्याआधी उणे पाहून म्हणाले, "कमी आलंय, चांगलंच की!" आमच्या घरात साखर कमी, वजन कमी म्हणजे आनंदच.

डॉक्टरांनी समजावलं, "इथे कमी म्हणजे हाडं ठिसूळ. ऐन तारुण्यातल्या बाईच्या हाडांशी तुलना करतो आम्ही."

मला एकदम दमल्यासारखं झालं. जन्मभर कुणाशी ना कुणाशी तुलना होतच आली. आता हाडंही सुटली नाहीत. ती तरुण बाई कोण, कुणास ठाऊक. हंडे वाहणारी मीच असेन कदाचित.

"ओझं उचलू देऊ नका यांना," डॉक्टरांनी ह्यांना बजावलं. ह्यांनी मान डोलावली.

येताना कांदे-बटाटे घेतले. रिपोर्ट चुरगळू नये म्हणून ह्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. पिशवी माझ्याकडे होती.